सँ-सिर-लापोपी

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात लॉत नदीच्या डाव्या तीरावर वसलेले मध्ययुगीन खेडे. आजच्या ऑक्सितानी प्रदेशातील लॉत जिल्ह्यात ते मोडते. पूर्वी हा मुलूख केर्सी या नावाने ओळखला जाई. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या काओरच्या पूर्वेस, नदीपात्रापासून सुमारे १०० मीटर उंचीवर चुनखडीच्या उभ्या कड्याला बिलगून गावातील घरे उतरत्या ओळींत उभी आहेत. कायमची वस्ती जेमतेम दोनशेच्या आसपास आहे. गावाच्या मागे कॉस नावाने परिचित असलेले कोरडे, खडकाळ पठार पसरले आहे, तर खाली नदीच्या वळणातील गाळाची सुपीक जमीन आहे. पठारावरचे लाकूड आणि खालून वाहणारी नदी या दोन गोष्टींवरच गावाचा संसार शतकानुशतके चालला. त्यामुळे या गावाचा इतिहास सरदारांच्या लढायांपेक्षा कारागीर आणि नावाडी यांच्या श्रमांतून अधिक नीट उलगडतो.

कड्याच्या टोकावरून नदीची दोन्ही अंगे दिसत असल्याने लष्करी दृष्ट्या ही जागा मोक्याची होती. मध्ययुगात येथील सत्ता एकाच घराण्याकडे नव्हती. लापोपी, गूर्दों आणि कार्दायाक या सरदार घराण्यांनी ती आपापसांत वाटून घेतली होती आणि माथ्यावरील दुर्गसमूहात प्रत्येकाचा स्वतंत्र वाडा होता. गावाच्या नावातील उत्तरार्ध यांपैकी पहिल्या घराण्यावरून आला आहे. पूर्वार्धात सिर या बालहुतात्म्याचे नाव असून, ख्रिस्ती परंपरेनुसार त्याला व त्याची आई ज्युलिटा हिला चौथ्या शतकाच्या आरंभी ठार मारण्यात आले. इंग्लंड व फ्रान्स यांच्यातील शतवार्षिक युद्धात या भागाची मोठी वाताहत झाली. पुढे १४७१ मध्ये फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने येथील गढी पाडण्याचा हुकूम दिला आणि जे काही उभे राहिले होते, ते १५८० मध्ये, फ्रान्समधील कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांच्यातील धर्मयुद्धांच्या काळात, नाव्हारच्या हेन्रीने (नंतरचा फ्रान्सचा राजा चौथा हेन्री) जमीनदोस्त करवले. आज माथ्यावर भिंतींचे काही अवशेष तेवढे आहेत. त्यांच्या खालच्या अंगाला सोळाव्या शतकात बांधलेले गॉथिक शैलीतील तटबंदीवजा चर्च असून, त्यात आधीच्या रोमनेस्क (गॉथिकपूर्व, अर्धवर्तुळाकार कमानींच्या शैलीतील) प्रार्थनामंदिराचा भाग सामावून घेतलेला आहे.

गढी गेली, तरी तिच्या पायथ्याची कारागिरांची वस्ती टिकली आणि गावाचा खरा वारसा तिच्यात आहे. घरे मुख्यतः तेराव्या ते सोळाव्या शतकांतील आहेत. तळमजला दगडी, वरचे मजले लाकडी सांगाड्यात विटा किंवा माती भरून केलेले आणि त्यांवर तपकिरी कौलांची तीव्र उताराची छपरे, अशी त्यांची सर्वसाधारण रचना. कारागीर तळमजल्यावर काम करी आणि तेथेच माल विकी. त्यासाठी रस्त्याच्या बाजूला रुंद कमानी ठेवलेल्या असत. गल्ल्यांची नावे अजून त्या धंद्यांची आठवण देतात : पेलिसारिया गल्लीत लोकरीच्या व केसाळ कातड्यांचे काम चाले, तर पेरोलरी म्हणजे तांबट आळी.

या धंद्यांत सर्वाधिक नाव झाले ते लाकूड कातणाऱ्या कारागिरांचे. कॉस पठारावर बॉक्सवूड हे सदाहरित झुडूप विपुल होते. ते अतिशय सावकाश वाढते, त्यामुळे त्याचे लाकूड पिवळसर, बारीक पोताचे आणि पाण्यात बुडण्याइतके जड असते. कातताना त्याचे टवके उडत नाहीत. या लाकडापासून बटणे, वाडगे आणि विशेषतः मद्याच्या पिंपांच्या तोट्या बनत. अशी तोटी दिसायला साधी, पण करायला अवघड असते. एका तुकड्यात आरपार भोक पाडायचे, त्याला आडवे दुसरे निमुळते भोक पाडायचे आणि त्यात फिरणारी खुंटी इतकी घट्ट बसवायची, की ती हाताने सहज फिरावी, पण थेंबही गळू नये. काओर परिसरात द्राक्षमळे व मद्यनिर्मिती मोठ्या प्रमाणावर असल्याने या तोट्यांना गिऱ्हाईक जवळच होते. एकोणिसाव्या शतकापर्यंत गावातील अनेक कुटुंबांची उपजीविका याच कामावर चाले. कारखान्यांचा धातूचा माल आल्यावर मात्र धंदा ढासळला.

लॉत नदी पुढे गारॉन नदीस मिळते आणि गारॉन बॉर्दो या बंदरापर्यंत जाते. त्यामुळे गाबार नावाच्या सपाट तळाच्या नावांतून मद्य, इमारती लाकूड आणि वरच्या खोऱ्यातील कोळसा प्रवाहाबरोबर खाली जाई, तर मीठ, खारवलेले मासे आणि वसाहतींतून आलेला माल वर येई. खाली जाताना प्रवाहाची मदत मिळे, पण पाणचक्क्यांसाठी घातलेल्या बंधाऱ्यांतील अरुंद फटींतून नाव सोडणे जिवावरचे काम असे. वर येताना ती दोरखंडाने काठावरून ओढावी लागे. एकोणिसाव्या शतकात बंधाऱ्यांलगत जलपाश (पाण्याची पातळी कमी-जास्त करून नाव वर-खाली नेणारे, दरवाजे असलेले हौद) बांधून ही वाहतूक सुरक्षित करण्यात आली.

गावापासून प्रवाहाच्या दिशेने खाली, बुझिएस या खेड्याजवळ कडा थेट पाण्यात उतरतो आणि चालायला काठच उरत नाही. तेथे १८४३ ते १८४७ या काळात खडक आडवा पोखरून नावा ओढण्याची वाट काढण्यात आली. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला कातळ आणि डोक्यावर पुढे आलेले खडकाचे छत अशा खोबणीतून ही वाट जाते. दानिएल मोनिए या शिल्पकाराने तिच्या भिंतीवर १९८०च्या दशकात मासे, शंख व जलवनस्पतींचे उठावशिल्प कोरले. बहुतेक प्रवासी त्यापाशी थांबतात. परंतु शेजारच्या भिंतीतील छिन्नी-पहारींचे वळ हेही तितक्याच आदराने पाहण्याजोगे आहेत. सारा कातळ माणसांनी हाताने फोडला होता. त्या श्रमाचे चीज मात्र फार काळ झाले नाही. १८८६ मध्ये काओर ते काप्दनाक हा लोहमार्ग खोऱ्यातून सुरू झाला, माल आगगाडीने जाऊ लागला आणि १९२६ मध्ये नदीचे नाव जलमार्गांच्या अधिकृत यादीतून वगळण्यात आले. नदीचा काही भाग १९९०च्या सुमारास सहलीच्या नावांसाठी पुन्हा खुला झाला.

धंदे बसल्याने गावात नवी बांधकामे झाली नाहीत आणि जुनी घरे तशीच राहिली. विसाव्या शतकात ती कलावंतांच्या नजरेस पडली. चित्रकार आंरी मार्तँ आणि कातालान चित्रकार पिएर दाउरा यांनी येथे घरे घेतली. दाउराच्या घरात आता कलावंतांसाठी निवासी उपक्रम चालतो. कलासंग्राहक एमिल-जोझेफ रिन्यो याने जुन्या वास्तूंच्या जतनाला हातभार लावला. अतिवास्तववादाचा (स्वप्न व अबोध मन यांना महत्त्व देणाऱ्या कलासंप्रदायाचा) प्रवर्तक कवी आंद्रे ब्रतों हा जून १९५० मध्ये विश्वनागरिकत्वाच्या चळवळीच्या कार्यक्रमासाठी या भागात आला असता त्याने हे गाव पाहिले आणि पुढच्याच वर्षी नावाड्यांच्या जुन्या खाणावळीची इमारत विकत घेतली. १९६६ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या वर्षापर्यंत, त्याचे उन्हाळे येथेच गेले. नदीच्या पात्रात उतरून अकीक व इतर रंगीत दगड वेचणे हा त्याचा व त्याच्या मित्रांचा आवडता उद्योग होता.

गावातील तेरा वास्तूंना ऐतिहासिक स्मारकांचे संरक्षण आहे. फ्रान्समधील सर्वांत सुंदर खेड्यांच्या संघटनेचे हे सदस्य असून, २०१२ मध्ये दूरचित्रवाणीवरील मतदानात प्रेक्षकांनी याची देशातील आवडते खेडे म्हणून निवड केली. तेव्हापासून पर्यटकांचा ओघ वाढला आहे. कॉस पठारावरील बॉक्सवूडवर मात्र अलीकडच्या वर्षांत पूर्व आशियातून आलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी हल्ला चढवला असून, जेथून तोट्यांचे लाकूड येई त्या रानांची मोठी हानी झाली आहे.