'कॉन्ट्रिब' नावाची भानगड

पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या सोर्समध्ये 'कॉन्ट्रिब' (कॉन्ट्रिब्यूटेड, म्हणजे इतरांनी दिलेलं) नावाची डिरेक्टरी फार पूर्वीपासून आहे. सुरुवातीला तिथे कुणीकुणी पाठवलेलं उपयोगी सामान पडून असायचं, सोबत फार तर एखादी रीडमी. पोस्टग्रेसच्या 8.3 या आवृत्तीत त्याची माहिती मुख्य मॅन्युअलात आली. त्याच आवृत्तीत मजकूर शोधायचं टीसर्च हे मॉड्यूल कॉन्ट्रिबमधून गाभ्यात, म्हणजे मुख्य पोस्टग्रेसमध्ये गेलं.

2011 पर्यंत एचस्टोअर (की-व्हॅल्यू जोड्या साठवायचं कॉन्ट्रिबमधलं मॉड्यूल) बसवायचं म्हणजे त्याची एसक्यूएल फाइल शोधून पीएसक्यूएल या कमांड लाइनच्या साधनाला द्यायची. मग पन्नासेक फंक्शन्स आणि ऑपरेटर्स डेटाबेसमध्ये सुटे पडत. ती एकाच मॉड्यूलची आहेत हे डेटाबेसला ठाऊक नसे, त्यामुळे बॅकअप घेणारं पीजी-डंप ती एकेक करून लिहून काढी. नव्या आवृत्तीवर रिस्टोअर करताना 'ऑलरेडी एक्झिस्ट्स'च्या ओळी स्क्रीनभर धावायच्या. त्यात खरी चूक कुठली आणि निरुपद्रवी कुठली, हे मी रात्री दोन वाजता ग्रेप ही शोधायची कमांड मारत निवडलेलं आहे.

2011 च्या 9.1 मध्ये 'क्रिएट एक्स्टेन्शन' ही कमांड आली, मॉड्यूलचं सगळं सामान एक्स्टेन्शन म्हणून एकत्र बांधलं गेलं आणि हा प्रकार संपला. एक छोटी कंट्रोल फाइल, आवृत्तीचा क्रमांक टाकलेली स्क्रिप्ट, आणि डंपमध्ये फक्त एक ओळ. जुनं सुटं सामान एक्स्टेन्शनमध्ये गोळा करायला 'फ्रॉम अनपॅकेज्ड' होतं, ते 2020 च्या 13 व्या आवृत्तीत काढून टाकलं.

गोंधळ मात्र वाढला, कारण लोक कॉन्ट्रिब आणि एक्स्टेन्शन एकच धरू लागले. संथ क्वेरींचे प्लॅन लॉगमध्ये लिहिणारं ऑटो-एक्स्प्लेन कॉन्ट्रिबमध्ये आहे, पण एक्स्टेन्शन नाही. ती नुसती लोड करायची लायब्ररी. 'क्रिएट एक्स्टेन्शन' म्हणून बघा, एररच येईल. अनाथ लार्ज ऑब्जेक्ट्स साफ करणारं व्हॅक्यूम-एलओ तर चक्क कमांड लाइनवरचा प्रोग्रॅम. क्वेरींची आकडेवारी ठेवणाऱ्या पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्सला दोन्ही लागतं: आधी शेअर्ड-प्रीलोड या सेटिंगमध्ये नाव टाकून सर्व्हर रीस्टार्ट, मग एक्स्टेन्शन. उलट नकाशांचा डेटा हाताळणारं पोस्टजीआयएस हे पक्कं एक्स्टेन्शन, पण ते कॉन्ट्रिबमध्ये नाही. 'कॉन्ट्रिब' या नावावरून तर वाटतं, हौशी मंडळींचं काम असेल. प्रत्यक्षात कॉन्ट्रिबमधलं सगळं मुख्य कोडबरोबरच तपासलं जातं आणि त्याच आवृत्तीबरोबर बाहेर पडतं. नाव बदलायच्या चर्चा झाल्या, नाव बदललं नाही. माझ्या मते बदलायला हवं होतं.

या नावाचा सगळ्यात मोठा फटका पॅकेजिंगमध्ये बसला. लिनक्सवाल्यांनी कॉन्ट्रिबचं वेगळं पॅकेज केलं, म्हणून कित्येक सर्व्हरांवर ते कधी चढलंच नाही. अर्ज करून मंजुरी मिळवायची असेल तर 'कॉन्ट्रिब' हा शब्द बघूनच सिक्युरिटीवाले भुवया उंचावतात. डेबियनने आवृत्ती 10 पासून ते मुख्य पॅकेजातच घातलं, रेड हॅटच्या घराण्यात ते वेगळंच राहिलं.

13 व्या आवृत्तीने 'ट्रस्टेड' हा शिक्का आणला: डेटाबेसवर क्रिएटचा हक्क असलेला साधा यूझरही पीजीक्रिप्टो (एन्क्रिप्शनसाठी), एचस्टोअर अशी मॉड्यूल्स बसवू शकतो, सगळे हक्क असलेल्या सुपरयूझरच्या मागे लागावं लागत नाही. त्याच वेळी यूयूआयडी (एकमेव ओळख-क्रमांक) तयार करायचं फंक्शन गाभ्यात आलं, आणि नावात हायफन असल्यामुळे अवतरणचिन्हांत लिहावं लागणाऱ्या 'यूयूआयडी-ओएसएसपी'ची गरज बऱ्याच जणांपुरती संपली. 17 मध्ये कॉन्ट्रिबमधून अ‍ॅडमिनपॅक हे व्यवस्थापनाच्या साधनांसाठीचं मॉड्यूल गेलं. 18 मध्ये कंट्रोल फाइल्स कुठे शोधायच्या ती जागा सेटिंगमधून सांगता येऊ लागली. कंटेनरमध्ये मूळ इमेजला हात न लावता एक्स्टेन्शन जोडणाऱ्यांना तेच हवं होतं.

एक्सएमएल हाताळायचं जुनं मॉड्यूल एक्सएमएल2 तेवढं अजून कॉन्ट्रिबमध्येच आहे. ते काढणार असल्याची सूचना मॅन्युअलमध्ये 8.3 च्या काळापासून छापून येते.