टेस्टर पेटतो, मग मोटर पाणी का उचलत नाही?

रावेर-यावलकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, केळीला पाण्याचा खाडा चालत नाही, आणि नेमकी तेव्हाच विहिरीवरची सिंगल फेज मोटर नुसती गुरगुरते. टेस्टर लावला की पेटतो. मोटर सोडवून मीटर लावला तर पूर्ण 230 व्होल्ट. मग लाइन चांगली ठरते आणि मोटर रिवाइंडिंगला जाते. पुष्कळदा मोटर चांगलीच असते. खराब असतो तो वाटेतला एखादा सांधा.

टेस्टरमधून एक मिलिअँपिअरसुद्धा करंट वाहत नाही. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध, हा ओहमचा नियम 1827 पासूनचा. तोच उलटा वाचा: करंट जवळपास शून्य, तर खराब सांध्यावर पडणारे व्होल्टही शून्य. म्हणून लाइन नेहमी लोड टाकून तपासावी.

त्यासाठी मोटर सोडवा आणि तिच्या जागी पाण्याच्या बादलीत बुडवलेला 1500 वॅटचा हीटर रॉड जोडा. जोडणी मेन स्विच बंद करूनच, आणि रॉड चालू असताना बादलीला हात नको. रॉडच का? मोटरमध्ये व्होल्टेज आणि करंट एकाच क्षणी शिखर गाठत नाहीत, त्यामुळे तिथे व्होल्टची साधी वजाबाकी आणि भागाकार लाइनचा खरा रोध देत नाही. रॉडचा रोध सरळ निघतो: 230 × 230 ÷ 1500, म्हणजे 35.3 ओहम.

समजा घराकडच्या टोकाला 230 व्होल्ट, त्याच वेळी विहिरीवर 210 आणि क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा मीटर) 5.95 अँपिअर. लाइनवर 20 व्होल्ट पडले. 20 ÷ 5.95 म्हणजे 3.36 ओहम. आता तारेचा हिशोब: अंतर 150 मीटर, जाऊन-येऊन 300. तांब्याची 2.5 चौरस मिलिमीटरची तार असेल तर 300 × 0.0172 (तांब्याचा विशिष्ट रोध) ÷ 2.5, म्हणजे 2.06 ओहम, तार 45 अंशांपर्यंत तापली तर 2.26. उरलेला 1.1 ओहम सांध्याचा.

हा आकडा किरकोळ नाही. मोटर 12 अँपिअर घेते तेव्हा तिथे 12 × 12 × 1.1, म्हणजे 158 वॅट उष्णता होते. सोल्डरिंगची साधी इस्त्री 25 वॅटची असते. इथे तशा सहा इस्त्र्या अंगठ्याएवढ्या जागेत. उष्णतेने धातूवर ऑक्साइड चढतो, रोध वाढतो, सांधा आणखी तापतो. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण सांध्यामुळे करंट मर्यादेबाहेर जात नाही. तांबे आणि अॅल्युमिनियम नुसता पीळ मारून जोडले असतील तर हे फार लवकर होते. अॅल्युमिनियमवरचा ऑक्साइड वीज जवळजवळ वाहूच देत नाही.

लाइन बंद करून फेजचे आणि न्यूट्रलचेही सांधे उघडा. काळवंडलेली तार कापा, चकाकेपर्यंत घासा, योग्य मापाची स्लीव्ह (धातूची नळी) क्रिम्प करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा. तांबे-अॅल्युमिनियमसाठी बायमेटलिक, म्हणजे दोन धातूंची स्लीव्हच घ्या. टेप गुंडाळल्याने रोध कमी होत नाही. मग पुन्हा रॉड लावा. विहिरीवर 216 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. 210 च दिसले, तर अजून एक सांधा सापडायचा आहे.