धरणं सोपं, सोडणं अवघड: सलूनच्या खुर्चीतला खटका

"मान टाका मागे," असं म्हणत कारागीर पायाने खाली कुठेतरी काहीतरी दाबतो. 'खट्' असा आवाज येतो, पाठीमागचा आधार हलका होतो, आरशातला आपला चेहरा खाली सरकतो आणि त्याच्या जागी छताचा पंखा दिसायला लागतो. पाय उचलला की पुन्हा 'खट्'. आता आपण अर्धवट आडवे, आणि गळ्यावर वस्तरा. या दोन 'खट्'च्या मधे काय घडलं याचा विचार त्या क्षणी कुणी करत नाही, आणि तेच बरं.

मला मात्र त्या दुसऱ्या आवाजाबद्दल कुतूहल आहे. खुर्ची मागे नेणं ही काही मोठी करामत नव्हे. माणसाला मागे ढकललं की तो आपल्याच वजनाने मागे जातो. करामत आहे ती हव्या त्या ठिकाणी थांबवण्यात, आणि त्याहून मोठी करामत ते थांबवलेलं पुन्हा सहज सोडवण्यात.

आधी रेलायचं कशाला, ते पाहू. झाडाखाली किंवा ओट्यावर दाढी व्हायची तेव्हा न्हावी गिऱ्हाईकासमोर उकिडवा बसे, धोकटी शेजारी ठेवी आणि समोरच्याचं डोकं दोन बोटांनी हवं तसं वळवी. आधार म्हणजे न्हाव्याचा स्वतःचा हात. खुर्ची आली तसा न्हावी उभा राहिला, आणि सगळा हिशेब बदलला. हनुवटीखालची कातडी सैल असते. मान मागे गेली की ती ताणली जाते आणि वस्तरा तिच्यावरून न अडकता फिरतो. शिवाय डोक्याला मागून पक्का टेकू असला तर शिंक किंवा दचकणं आलं तरी मान फारशी हलत नाही. म्हणजे रेलणं हा ऐषाराम नंतरचा, आधी ती धारेची गरज होती.

आता कारागिराचे हात बघा. एका हातात वस्तरा. दुसऱ्या हाताची बोटं गालाची कातडी ताणून धरायला गुंतलेली, आणि तीही फेसाने माखलेली. खुर्चीची दांडी हाताने ओढायची तर वस्तरा खाली ठेवा, हात पुसा, दांडी ओढा, परत वस्तरा घ्या. दिवसाला वीस-पंचवीस दाढ्या करणाऱ्याला हे परवडत नाही. मोकळा उरतो तो फक्त पाय.

पायाचा स्वभावही या कामाला जुळतो. पाय ताकदवान पण ढोबळ. 'थोडंसं', 'अजून जरासं' असलं नाजूक नियंत्रण त्याला जमत नाही, पण दाबणं आणि उचलणं या दोन गोष्टी तो बिनचूक करतो. म्हणून चांगल्या खुर्चीत कामाची वाटणी अशी असते: कुलूप सोडायचं की धरायचं हे पाय ठरवतो, आणि पाठ नेमकी किती झुकवायची हे खुर्चीच्या पाठीवर टेकवलेलं मनगट किंवा कोपर ठरवतं.

कुलपावर किती भार येतो, त्याचा अंदाज काढू. सत्तर किलोचा माणूस घ्या. कमरेच्या वरचं सगळं, म्हणजे धड, डोकं आणि हात, मिळून वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग होतो. धरा ४७ किलो. या भागाचा गुरुत्वमध्य कमरेच्या सांध्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर असतो. खुर्चीच्या पाठीची बिजागरी कमरेपाशीच आहे असं मानू. बिजागरीच्या आसावर पाच सेंटिमीटर त्रिज्येचं दातेरी चाक बसवलं आणि त्याच्या दातात खिटी अडकवून पाठ रोखली, तर भार तीस सेंटिमीटरवर आणि अडवणूक पाच सेंटिमीटरवर. म्हणजे सहापट. पाठ पूर्ण आडवी झाली तर त्या एका दातावर सुमारे २८० किलो वजनाइतका जोर येतो. दाढीला लागते तशी अर्ध्यावर, म्हणजे ४५ अंशांवर ठेवली तरी २०० किलोच्या आसपास. हात खुर्चीच्या हातांवर टेकलेले असतात म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी, पण अंगठ्याच्या नखाएवढ्या लोखंडी दातावर दोन क्विंटल ही काही लहान गोष्ट नाही.

दातेरी चाक आणि खिटी ही जोडी आपल्या ओळखीची आहे. सायकल उतारावर सोडली की मागच्या चाकातून जी टिकटिक येते ती हीच. फ्रीव्हीलच्या आत खिट्या दातांवरून घसरत जातात. पॅडल मारलं की दातात रुततात. हिंदी मुलखातले मिस्त्री या खिटीला 'कुत्ता' म्हणतात आणि मला ते नाव फार आवडतं. एका दिशेने येणाऱ्यावर नुसता भुंकतो, उलट दिशेने येणाऱ्याला चावतो, आणि चावला की सोडत नाही.

अडचण या न सोडण्यातच आहे. दाताची बाजू किंचित आत कललेली ठेवतात, म्हणजे भार वाढेल तशी खिटी बाहेर न निसटता उलट आत ओढली जाते. जितका जाडजूड गिऱ्हाईक तितकं कुलूप घट्ट. सुरक्षिततेच्या दृष्टीने उत्तम. पण आता सोडवायचं कसं? ग्रीस लावलेल्या लोखंडावर घर्षण भाराच्या सातव्या हिश्श्याइतकं धरलं तरी खिटी उपसायला जवळजवळ ३० किलोचा जोर लागेल. त्यात दात आत कललेला, म्हणजे खिटी निघताना गिऱ्हाईकाला केसभर वर उचलावं लागणार. बोटांच्या खटक्याचं हे काम नाही. पायपट्टी आणि खिटी यांच्यात एकास चार असा तरफेचा हिशेब बसवला तर पायाला आठ किलोच्या आतबाहेर जोर पुरतो, आणि तेवढा उभ्या माणसाच्या पायाला सहज जमतो. पायपट्टी आली ती हात गुंतलेले म्हणून, तशीच या ताकदीच्या गणितामुळेही.

खिटीचा दुसरा दोष म्हणजे ती दातादातांवरच थांबते. चोवीस दात्यांचं चाक घेतलं तर प्रत्येक पायरी पंधरा अंशांची. मधला कोन हवा असेल तर मिळत नाही. दाते बारीक केले तर प्रत्येक दात कमजोर होतो. मग दात्यांशिवाय, नुसत्या पकडीवर काही करता येईल का?

कोकणातल्या कुठल्याही धक्क्यावर याचं उत्तर मिळतं. लाँच धक्क्याला लागते तेव्हा खलाशी दोराचे तीन-चार वेढे लोखंडी खुंटाला मारतो आणि मोकळं टोक एका हातात धरून उभा राहतो. पलीकडे अख्खी लाँच ओढ घेत असते आणि हा जांभई देत असतो. प्रत्येक वेढ्यागणिक पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला तर एका वेढ्याला अडीचपट, पाच वेढ्यांना शंभरपटीहून जास्त, आणि दहा वेढ्यांना बारा हजारपट. खुंट आणि दोर यांच्या जागी बिजागरीचा आस आणि त्यावर घट्ट बसलेली पोलादी स्प्रिंग घ्या. आस एका दिशेने फिरायला लागला की स्प्रिंग त्याच्याबरोबर ओढली जाते, आवळते, आणि आस जागच्या जागी बसतो. कुठल्याही कोनात, दात्यांची गरज नाही.

यातली खरी गंमत सोडवण्यात आहे. खलाशाने हातातलं टोक ढिलं केलं की सगळे वेढे सैल पडतात. लाँचच्या ओढीशी त्याला झुंजावं लागत नाही. तसंच स्प्रिंगचं शेपूट पायपट्टीने किंचित ढकललं की वेढे उलगडून आसापासून जरासे सुटतात आणि पाठ मोकळी होते. खिटीच्या बाबतीत भार वाढला की सोडवणंही जड जात होतं. इथे भार कितीही असो, सोडवणाऱ्याच्या वाट्याला त्याचा शंभरावा-हजारावा अंश येतो. घरातल्या खिडकीचा साखळीने ओढायचा रोलर पडदा याच तत्त्वावर चालतो. पडदा स्वतःच्या वजनाने खाली यायला गेला की आतली स्प्रिंग आवळते, आणि साखळी ओढली की उलगडते. हल्लीच्या बऱ्याच खुर्च्यांत पाठीमागे तेलाची किंवा वायूची नळी असते. तिथेही हेच धोरण. आतलं तेल एका बारीक वाटेने इकडून तिकडे जातं, वाट बंद केली की दांडा गोठतो, आणि वाट उघडायला एक छोटी पिन दाबली की पुरे. अरुंद वाटेमुळे पाठ धाडकन पडत नाही, सावकाश उतरते, हा वरचा फायदा.

यंत्र कुठलंही असो, एक नियम सगळ्या चांगल्या खुर्च्या पाळतात: पाय दाबलेला असेल तरच कुलूप सुटलेलं राहतं. पायपट्टीखालची स्प्रिंग तिला सतत वर ढकलत असते. कारागिराचा पाय घसरला, त्याला ठसका लागला, तो फोनकडे वळला, की खुर्ची आहे तिथे थांबते. उलट रचना केली असती, म्हणजे धरायला पाय दाबून ठेवावा लागला असता, तर काय झालं असतं याची कल्पना वस्तऱ्याखाली मान असताना करू नये. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला हँडल दाबून धरावं लागतं आणि हात सुटला तर गाडी आपोआप थांबते, त्यामागचा विचारही हाच.

रेलत्या खुर्चीचा जन्म अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या आर्चर कंपनीने १८७८ मध्ये मागे झुकणारी न्हाव्याची खुर्ची बाजारात आणली. त्याआधी पाय ठेवायला वेगळा स्टूल असे. त्यानंतर सिनसिनाटीच्या यूजीन बर्निंगहाउसने रेलणारी आणि फिरणारी अशी दोन्ही कामं करणारी खुर्ची केली. मग आला सेंट लुईसचा अर्नेस्ट कोकन. जर्मनीहून आलेला हा माणूस आधी दाढीचे मग विकायचा. (आडनावाचा आपल्या कोकणाशी काही संबंध नाही.) तेलाच्या दाबावर वरखाली होणारी खुर्ची आणि बाजूच्या एकाच दांडीने सगळ्या हालचाली सांभाळणारी रचना, या दोन्हींचं श्रेय त्याच्याकडे जातं.

त्या काळच्या खुर्च्यांतला एक बारकावा मला कुलपाइतकाच हुशारीचा वाटतो. पाठ, बैठक आणि पावलांची पट्टी सळ्यांनी एकमेकांना जोडलेली असे. पाठ खाली गेली की पाय आपोआप वर. म्हणजे धड खाली जाताना पोटऱ्या आणि पावलं वर उचलावी लागतात. सत्तर किलोच्या माणसात त्यांचं वजन आठ-साडेआठ किलो भरतं, आणि तेवढं पारडं धडाच्या उलट बाजूला पडतं. कुलपावरचा भार कमी करायचा असेल तर तोल साधा, हे त्या लोहारकामातल्या लोकांना नीट कळलेलं होतं.

पुढे १९०३ मध्ये जिलेटचे सेफ्टी रेझर विकायला आले. पहिल्या वर्षी खपले फक्त ५१, पुढच्याच वर्षी ९० हजारांवर. दाढी घरी होऊ लागली, पण रेलती खुर्ची टिकली, कारण तोवर लोकांना रेलायची सवय लागली होती.

वरखाली करणारा पंप हे वेगळं प्रकरण आहे, पण कुलपाच्या गोष्टीत तोही बसतो. समजा पायपट्टी बारा सेंटिमीटर खाली जाते आणि खुर्ची दीड सेंटिमीटर वर येते. अंतरात आठपट गमावलं, म्हणून जोरात आठपट मिळवलं. गिऱ्हाईक आणि खुर्चीचा वरचा भाग मिळून १२० किलो असतील तर पायाला १५ किलोचा जोर पुरतो, घर्षणाचा वेगळा. तेल दाबून आकसत नाही. ते एका गोळीच्या झडपेमागे कोंडलं की तेच कुलूप. चार सेंटिमीटर व्यासाच्या खांबाखाली हे वजन पेलताना तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साडेनऊ किलोच्या आसपास जातो. घरातल्या कुकरची शिटी साधारण एका किलोला होते, त्यावरून अंदाज घ्या. त्या गोळीच्या बैठकीवर कचऱ्याचा एक कण बसला, किंवा खांबाभोवतीचं रबरी सील झिजलं, की तेल पाझरायला लागतं. कटिंग सुरू होताना आपण आरशाच्या मध्यावर असतो आणि संपेपर्यंत चार बोटं खाली आलेलो असतो. ते याचमुळे.

माझ्या नेहमीच्या सलूनमधली खुर्ची जुनी, दातेरी चाकाची. तिची पायपट्टी वर्षभरापूर्वी तुटली. केसांचे तुकडे ग्रीसमध्ये मिसळून घट्ट लगदा होतो, त्यात ती अडकली आणि कुणीतरी जोर लावला. मालकाने वेल्डिंग करून घेतलं नाही. तुटलेल्या पट्टीच्या जागी आता खिटीचं उघडं टोक दिसतं. वर सांगितलेल्या हिशेबाने तीस किलोचा जोर लागायला हवा, आणि तिथला कारागीर बूट घातलेल्या पायाच्या अंगठ्याने ते टोक ढकलतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कळेना. मग लक्षात आलं की त्याआधी तो न चुकता माझ्या खांद्यावर थोपटून म्हणतो, "साहेब, जरा पुढे व्हा." मी उठून बसतो, सत्तेचाळीस किलो दातावरून निघून माझ्या स्वतःच्या कमरेवर येतात, आणि कुत्रा आपणहून जबडा उघडतो.