जखमेतली लस आणि पू

गोव्यातल्या माशेलचा चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, झाला की गुडघे खरचटलेली पोरं ड्रेसिंगला येतात. पट्टी सोडायच्या आधीच आई सांगते, ‘सिस्टर, पू झालाय, अँटिबायोटिक द्या.’ कशावरून? पट्टी पिवळी झाली म्हणून! बहुतेक वेळा ती नुसती लस असते. पण ‘लस येतेय’ म्हटलं की प्रश्न येतो, ‘कसली लस? कधी टोचली?’ शब्द एकच. १७९६ साली एडवर्ड जेन्नर यांनी टोचली तीही गोस्तन देवीच्या (गाईंना होणाऱ्या देवीच्या) फोडातली लसच होती. आता मात्र लस म्हणजे इंजेक्शन, आणि जखमेतून येईल तो सगळा पू.

पू सगळ्यांनी पाहिलेला असतो: दाट, गढूळ, पिवळट किंवा हिरवट, बऱ्याचदा वास मारणारा.

जखम झाली की भोवतालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपतो. ती लस. ती पाण्यासारखी, किंचित पिवळसर असते, रक्त मिसळलं तर गुलाबी. गॉजवर सुकली की कडक पिवळा डाग पडतो आणि इथेच माणसं फसतात. सुकलेल्या डागावरून काही ठरवू नका, ओली जखम बघा. स्वच्छ गॉज टेकवला तर लस त्यात जिरते, पू वर थर धरतो. शिवाय लस पहिल्या काही दिवसांत रोज कमी होत जाते, दुखणं उतरतं. पू धरत असेल तर ठणका वाढतो, लाली पसरते, कातडी गरम लागते, ताप येतो. मधुमेह्यांनी ठणक्याची वाट पाहू नये. पाय बधिर झालेला असला तर पू होऊनही दुखत नाही.

आणि कृपा करून जखमेत हळद भरून येऊ नका. सगळंच पिवळं होतं, मग मला खालचं काही दिसत नाही.

जखमेतून जे येतं त्याला केस पेपरवर ‘डिस्चार्ज’ लिहितात, मराठीत स्राव. ‘स्त्राव’ नव्हे, त्यात त कुठून आला?

लस म्हणजे नेहमीच बिनधोक, असंही नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर आठवडाभरात, कोरडी झालेली जखम अचानक गुलाबी पाण्याने भिजली तर आतले टाके सुटलेले असू शकतात. तेव्हा ‘पू नाही ना’ म्हणून घरी बसू नका. १०८ला फोन करा.