बाहेरून कडी लावल्याने मूल सुरक्षित होत नाही

फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे काही काळ सांभाळायला, आपल्या घरी आलेलं मूल रात्री निघून जाऊ नये म्हणून त्याच्या खोलीला बाहेरून कडी लावावी, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे, धोक्याचाही. आग लागली तर काही मिनिटांत धूर घरभर होतो. मोठ्यांना कडीपर्यंत पोहोचता आलं नाही, तर मूल आतच अडकतं. शिवाय ज्याला पूर्वी कुणी कोंडून ठेवलंय, ते मूल घाबरून खिडकीतून उतरायला बघू शकतं.

मूल उठलं हे आपल्याला कळावं, एवढंच हवं असतं. त्यासाठी चुंबकी दार-अलार्म पुरतो: एक भाग चौकटीवर, दुसरा पल्ल्यावर, दार बंद असताना मध्ये साधारण १ सेंटिमीटर फट. फट वाढली की तो उगाच वाजतो, मग वैतागून लोक बंदच करून टाकतात. सेल दर महिन्याला तपासा. आणि हा अलार्म कशासाठी आहे ते मुलाला पहिल्याच दिवशी दाखवून सांगा, लपवू नका.

वरच्या मजल्यावरची खिडकी १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडणार नाही असा अडसर स्क्रूने बसवा. मात्र मोठ्यांना तो आतून किल्लीशिवाय काढता आला पाहिजे. डासांच्या जाळीवर विसंबू नका, ती मुलाचं वजन पेलत नाही. पलंग खिडकीपासून लांब ठेवा.