फाइल जागेवर, तरी ‘सापडत नाही’: नोडमधल्या घोळाची पार्श्वभूमी

रावेर तालुक्यातल्या एका वजनकाट्यावर केळीच्या गाड्यांच्या पावत्या आमचा नोडमधला (ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या Node.js मधला) प्रोग्राम काढतो. मागच्या हंगामात गाड्यांची रांग वाढली की स्क्रीनवर ‘ईएनओईएनटी’ यायचं, म्हणजे अशी फाइलच नाही. काट्यावरचा मुलगा फोन करायचा, “भाऊ, पावती नाही निघून राहिली.” मी जळगावात बसून फोल्डर उघडावं, तर फाइल तिथंच. मी बघेपर्यंत ती लिहून झालेली असायची, एवढंच. आमचा कोड पावती लिहायला सांगून थांबत नव्हता. पुढच्याच ओळीत तीच फाइल वाचायला धावत होता.

या घोळाचं मूळ २००९ मध्ये आहे. डिस्ककडून उत्तर येईपर्यंत सर्व्हरनं ताटकळत बसावं, हे रायन डाल यांना पटत नव्हतं. त्यातून नोड आलं. जावास्क्रिप्ट त्यांना सोयीची पडली, कारण ‘क्लिक झालं की मला सांग’ अशा पद्धतीनं काम करायची सवय तिला ब्राउझरपासूनच होती. तुमचा कोड एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर चालतो; फाइलींचं काम मागे लिबयूव्ही या नोडच्या आतल्या लायब्ररीच्या थ्रेडकडे जातं, आणि हे थ्रेड मुळात चारच असतात. त्यातलं कोणतं काम आधी उरकेल, याची हमी नसते.

प्रॉमिस, म्हणजे ‘काम झालं की निकाल देतो’ असं वचन देणारी वस्तू, डाल यांनी जून २००९ मध्येच नोडमध्ये घातलं होतं, पण फेब्रुवारी २०१० मध्ये काढून टाकलं. ही आपली चूक होती, असं त्यांनी २०१८ मध्ये बर्लिनच्या भाषणात कबूल केलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासात हाच निर्णय सर्वांत महागात पडला. असिंक-अवेट, म्हणजे प्रॉमिसचं काम पूर्ण होईपर्यंत पुढची ओळ थांबवणारी लेखनपद्धत, वेगळ्या सेटिंगशिवाय चालायला फेब्रुवारी २०१७ उजाडावं लागलं, नोड ७.६ मध्ये. फाइलींसाठी प्रॉमिसवाली फंक्शन्स आली ती २०१८ च्या नोड १० मध्ये. तोवर आम्ही कॉलबॅकच्या (काम झाल्यावर चालवायच्या फंक्शनच्या) पोटात कॉलबॅक लिहीत आलो, आणि तो कोड आजही गावोगावच्या दुकानांत, काट्यांवर चालू आहे.

त्याच काळातली दुसरी सवय ‘एक्झिस्ट्स’ची: फाइल आहे का ते आधी विचारायचं, मग उघडायची. या दोहोंच्या मधल्या क्षणात दुसरं काम ती फाइल पुसून जाऊ शकतं. म्हणून नोडचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की विचारत बसू नका, थेट उघडा आणि एरर आली तर हाताळा.

आमच्याकडे खरी गाठ ‘फॉरईच’मध्ये, म्हणजे यादीतल्या प्रत्येक पावतीसाठी तेच काम चालवणाऱ्या फंक्शनमध्ये होती. त्याच्या आत अवेट लिहिलं तरी फॉरईच स्वतः थांबत नाही, सगळ्या पावत्या एकदम सोडून मोकळा होतो. तिथं साधा ‘फॉर-ऑफ’ लूप लावला; तो अवेटपाशी थांबून एकेक पावती उरकतो. आता पावती आधी तात्पुरत्या नावानं लिहिली जाते आणि अवेट पूर्ण झाल्यावरच तिला खरं नाव मिळतं. त्याच डिस्कवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे अर्धी लिहिलेली पावती प्रिंटरपर्यंत पोचत नाही.