तंगूस पाणी पितो

"प्लास्टिकच ते, त्याला पाण्याने काय होणार?" गळाच्या तंगुसाबद्दल हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की शेवटी लिहायला बसलो. तंगूस म्हणजे बहुतेकदा नायलॉनचा एकेरी, अखंड धागा; आणि नायलॉन पाणी पितं. नायलॉन ६ (नायलॉनचा एक प्रकार) पूर्ण मुरलं तर स्वतःच्या वजनाच्या नऊ-दहा टक्के पाणी शोषतं. भिजलेल्या तंगुसाची ताकद कोरड्यापेक्षा सहज दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते.

नायलॉनचा रेणू म्हणजे लांबलचक साखळी. तिच्यात ठरावीक अंतरावर अमाइड गट, म्हणजे कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्या अणूंचे छोटे जुडगे, असतात. एका साखळीतल्या अमाइडचा हायड्रोजन शेजारणीच्या ऑक्सिजनला बिलगतो. हा हायड्रोजन बंध एकेकटा दुबळा, पण संख्येने अगणित. वितळलेलं नायलॉन बारीक छिद्रातून बाहेर पडतं तेव्हा साखळ्यांचा नुसता गुंतवळ असतो. मग तो धागा मूळ लांबीच्या काही पट ओढतात. साखळ्या विंचरल्यासारख्या सरळ होतात, बंध जुळतात, आणि धाग्याला लांबीच्या दिशेने बळ येतं. ओढण्याची ही करामत ड्यूपॉन्ट या अमेरिकी रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्युलियन हिल यांना १९३० साली पॉलिएस्टरवर सापडली. तिथल्याच वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने नायलॉन बनवलं १९३५ मध्ये.

पाण्याचा रेणूही हायड्रोजन बंधांचाच भुकेला. विस्कळीत राहिलेल्या भागांत तो दोन साखळ्यांच्या मध्ये घुसतो आणि स्वतःच बंध करून बसतो. साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. नायलॉन कडकपणा सोडून लवचीक होतं ते तापमान कोरडं असताना साधारण ५० अंश सेल्सिअस असतं. भिजल्यावर ते खोलीच्या तापमानाच्याही खाली जातं. रिळावर महिनोन्महिने राहून वेटोळी धरलेला तंगूस पाण्यात ठेवला की नरमतो, तो यामुळेच. बंध सुटतात, हलका ताण दिला की सरळ स्थितीत पुन्हा जुळतात.

तुटायच्या आधी तंगूस वीसेक टक्के ताणला जातो, म्हणून मासळीचा हिसका तो पोटात घेतो. त्याच ताणामुळे दूरवरची हलकी टोचणी मात्र बोटापर्यंत पोचत नाही. गाठ हे त्याचं मर्मस्थान. कोरडी गाठ झटक्यात आवळून पाहा: धागा त्या जागी पांढुरका, खरखरीत होतो. घर्षणाच्या उष्णतेने विंचरलेल्या साखळ्या पुन्हा विस्कटतात. थुंकी लावून आवळावी.

पाण्यात तंगूस 'अदृश्य' होतो, ही जाहिरातबाजी. नायलॉनचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) १.५३, पाण्याचा १.३३, फरक आहे तोवर धागा दिसणारच, फक्त हवेतल्यापेक्षा कमी. हवेतसुद्धा काळ्या पडद्यापुढे तो सहज लपतो. एखाद्याने वस्तू अधांतरी तरंगवून दाखवली, तर सिद्धीच्या आधी तंगूस शोधावा.

पाणी साखळ्यांच्या मधे शिरतं, पण साखळी तोडणं त्याला जवळजवळ जमत नाही. ते काम उन्हातले अतिनील किरण करतात. त्यामुळे होडीत उघड्यावर पडलेलं रीळ ठिसूळ होतं, आणि खडकात अडकून तुटलेला तुकडा मात्र, पाण्याहून किंचित जड असल्याने, तळाशी अंधारात वर्षानुवर्षं शाबूत राहतो. कासवाचा पाय, पाणपक्ष्याची मान, जे सापडेल ते त्यात अडकतं. सुटायची धडपड केली की फास आणखी आवळतो. पाण्यातच असल्याने ती गाठ भिजलेली असते, म्हणजे पक्की.